पंपाचा निरोप आणि जाळ्याचा पाटकरी



मोबाइलवरून पंप चालू-बंद करणं आता नवं राहिलेलं नाही. जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं, छोटी हवामान केंद्रं हीसुद्धा शेतात येऊ लागली आहेत. बारामतीला उसासाठी अशा यंत्रांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेली आहे. पण ही यंत्रं तुमच्याशी बोलतात ती एका जाळ्यातून. ते जाळं कोण सांभाळतं, ते आज पाहू.

कालव्याचंच उदाहरण घ्या. चारीवरची दारं ज्याने त्याने मर्जीप्रमाणे उघडली, तर वरच्याच्या शेतात तळं साचेल आणि शेवटच्याच्या शेतात भेगा पडतील. म्हणून पाळी एका ठिकाणी ठरते आणि दार हुकमाप्रमाणे उघडतं. इंटरनेटच्या जाळ्यात पूर्वी प्रत्येक पेटी आपली वाट आपणच ठरवी. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून वेगळी रीत पुढे आली. पेट्यांनी माहिती फक्त पुढे सोडायची. वाट ठरवायची ती मध्यवर्ती संगणकाने. हिला सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्क म्हणतात.

आता या पाटकऱ्याच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मागच्या नोंदींवरून ती शिकते. संध्याकाळी लोक सिनेमे पाहू लागले की कुठे गर्दी होणार, हे ओळखून पंप बंद करण्याचा निरोप मोकळ्या वाटेने काढता येतो. तसंच, दिवसातून चार आकडे पाठवणारं यंत्र एकाएकी धो-धो माहिती सोडू लागलं, तर ते बिघडलं किंवा कुणाच्या ताब्यात गेलं, असा संशय घेऊन त्याची वाट बंद करता येते. ही भीती पोकळ नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली.

मुंबईच्या उपनगरात, अंधेरीच्या पूर्वेला पवई तलावाजवळ आयआयटी मुंबई ही संस्था आहे. तिथले तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर भागातील खामलोली व आसपासच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून पाहिलं. पुढे खेड्यांसाठी स्वस्त ५जी जाळ्याचा आराखडा केला, तोही याच नव्या रीतीचा. नियंत्रणाचा काही भाग गावाजवळ ठेवावा, म्हणजे बाहेरची जोडणी तुटली तरी गावातल्या गावात निरोप चालू राहावेत, असा त्यात विचार आहे.

हा विचार आपल्या शेतालाही लागू आहे. हुकूम एका ठिकाणाहून सुटत असेल, तर तिथली चूक सगळीकडे पोहोचते. म्हणून तीन गोष्टी करा.

एक : पाणी संपल्यावर मोटार आपोआप बंद करणारं साधन पंपाच्या पेटीतच बसवून घ्या. कोरडी चालून मोटार जळायला निरोपाची वाट पाहावी लागत नाही. हाताने चालू-बंद करायचं बटणही काढू नका.

दोन : यंत्र बसवलं त्याच दिवशी पासवर्ड बदला. तो गावभर सांगू नका.

तीन : आपल्या शेताच्या नोंदी कुठे साठतात आणि कोण पाहू शकतं, हे विक्रेत्याला विचारा. पैसे देण्याआधी चालू यंत्रातलं सिमकार्ड काढायला लावा आणि पंप काय करतो ते समोर उभं राहून पाहा. रेंज गेल्यावर जे यंत्र गोंधळतं, ते घेऊ नका.