राजर्षी शाहू महाराज आणि आम्ही

शाहू महाराज कोल्हापूरचे राजे. आपला चुडावा तेव्हा निजामाच्या मुलखात. १९०२ साली त्यांनी मागासवर्गीयांना नोकरीत निम्म्या जागा राखल्या, पण तो हुकूम इथं चालत नव्हता. मग आम्ही त्यांची जयंती का करतो?

गंगाराम कांबळे पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्याले. हुकूम काढून वाड्यात बसणारे राजे पुष्कळ!

मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी लोकांना सांगितलं, तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला : आंबेडकर. १९२२ ला महाराज गेले. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच मिलिंद. मराठवाड्यातल्या आमच्या पोरांना वाट मिळाली ती तिथून.