प्रमुखानें पुन्हां उभें कसें राहावें?



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं नोकरीधंद्यांतील मंडळींपुढें दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा स्वागतमंडळानें आम्हांस केली. आम्ही वक्ते नव्हों. परंतु तीस वर्षें कारखान्यांत काढलेल्या माणसापाशीं सांगण्यासारखें कांहीं तरी असतेंच. आमच्यापाशीं जें आहे तें फारसें गौरवाचें नाहीं, आणि म्हणूनच तें कदाचित् उपयोगी पडेल. ज्याच्या हाताखालीं चार माणसें काम करितात असा मनुष्य एखाद्या चुकीनें खचला, तर त्यानें पुन्हां उभें कसें राहावें, हा आजचा विषय आहे. आपल्या धर्मग्रामांत मुख्याध्यापिका आहेत, बँकेंतील अधिकारी आहेत, गवंड्यांचे मुकादम आहेत. चूक कोणास चुकली आहे?

कांहीं वर्षांपूर्वीं, यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यांत आम्ही एका खात्याचे प्रमुख होतों. एके दिवशीं नकाशावरील एक माप आमच्याच हातून चुकीचें उतरलें, आणि रात्रपाळीनें त्याबरहुकूम सगळा माल कापला. सकाळीं तो भंगारांत गेला. वरिष्ठांनीं विचारपूस केली, तेव्हां बोल रात्रपाळीच्या फोरमनवर आला. आम्ही तेथेंच उभे होतों. आम्हीं तोंड उघडलें नाहीं.

त्या दिवसापासून आमचा आवाज गेला. घसा शाबूत होता. पण बोलण्यांत जोर राहिला नाहीं. सभेंत आम्ही मागच्या खुर्चीवर बसूं लागलों. यंत्रांमधून रोज सकाळीं मारावयाची फेरी प्रथम उशिरां, मग दिवसाआड होऊं लागली, आणि शेवटीं बंद पडली. खोलीचें दार लोटून कागदांवर सह्या कराव्या. कोणी प्रश्न घेऊन आला तर ‘पाहूं’ म्हणावें. कधीं उगाच खेकसावें. लोक आमच्याशीं अदबीनें बोलत, पण अडलें म्हणजे शेजारच्या खात्याच्या प्रमुखास विचारीत. वचक आणि वजन यांत काय अंतर आहे, तें तेव्हां आम्हांस कळलें. वचक खुर्चीबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. वजन शब्दाला असतें. आणि ज्या शब्दाची खुद्द बोलणाऱ्यासच लाज वाटते, त्याला वजन कोठून येणार?

तीन महिन्यांनीं त्याच फोरमननें रजेचा अर्ज आमच्यापुढें ठेवला, आणि आमच्याकडे न पाहतां तो सही होईपर्यंत उभा राहिला. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाळी बदलतांना दोन्ही पाळ्यांच्या लोकांपुढें आम्हीं सांगितलें, “तें माप आम्हीं चुकविलें होतें. यांचा दोष नव्हता.” मग वरिष्ठांकडे जाऊन तेंच लेखी दिलें. त्या वर्षाची आमची पगारवाढ गेली. फोरमन कांहीं बोलला नाहीं. दोन दिवसांनीं मात्र तो एक नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, हें माप एकदां पाहून घ्या.” इतक्या महिन्यांत त्यानें आम्हांस प्रथमच कांहीं विचारलें होतें.

आमची गोष्ट लहान आहे. हीच रीत फार मोठ्या कामांतही कशी खरी ठरते, याचें एक उदाहरण सांगतों. त्याचा आरंभ एका देवळांतच झाला आहे.

केरळांत तिरुवनंतपुरमजवळ थुंबा म्हणून कोळ्यांचें गांव आहे. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळून जातें, म्हणून वरच्या वातावरणाच्या अभ्यासाकरितां रॉकेट सोडण्यास डॉ. विक्रम साराभाई यांनीं तें स्थळ पसंत केलें. तेथें संत मेरी मॅग्डलीन हिचें देऊळ होतें. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनीं रविवारच्या मिस्सेच्या वेळीं लोकांस विचारलें, आणि लोकांनीं आपलें देऊळ विज्ञानासाठीं दिलें, असें डॉ. अब्दुल कलाम सांगत असत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिलें रॉकेट सुटलें. त्याची जुळणी त्या देवळाच्या इमारतींतच झाली. हें काम पाहणाऱ्यांत तरुण कलाम होते. ऐन वेळीं क्रेन बिघडली, तेव्हां मंडळींनीं अंगबळानें रॉकेट जागेवर चढविलें.

पुढें याच कलाम यांच्याकडे एस.एल.व्ही.-३ या उपग्रहवाहक यानाचें प्रमुखपण आलें. यान २२ मीटर उंच, १७ टन वजनाचें, चार टप्प्यांचें होतें. १० ऑगस्ट १९७९ रोजीं तें श्रीहरिकोट्याहून सुटलें. पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्यांत यान भरकटलें आणि बंगालच्या उपसागरांत पडलें. त्या टप्प्याच्या नियंत्रणासाठीं लागणारें आम्ल एका झडपेंतून आधींच गळून गेलें होतें. उड्डाणापूर्वीं गणकयंत्रानें थांबण्याचा इशारा दिला होता, आणि तज्ज्ञांचा सल्ला घेऊन पुढें जाण्याचा निर्णय कलाम यांचा होता. अनेक वर्षांचे श्रम कांहीं मिनिटांत समुद्रांत गेले.

त्या दिवशीं वार्ताहरांपुढें कलाम यांस एकटें बसावें लागलें नाहीं. संस्थेचे प्रमुख प्रा. सतीश धवन पुढें झाले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनीं स्वतःवर घेतली. कलाम यांनींही आंतल्या चौकशींत दोष दुसऱ्यावर लोटला नाहीं. मग दोष शोधून काढण्याचें आणि सुधारण्याचें काम सुरू झालें. अकरा महिन्यांनीं, १८ जुलै १९८० रोजीं, त्याच जातीचें यान पुन्हां सुटलें आणि ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेंत पोंचला. तेव्हां धवन यांनीं वार्ताहरांपुढें जाण्यास कलाम यांस सांगितलें.

या दोन्ही गोष्टींवरून आम्हीं जें घेतलें तें थोडक्यांत असें. पहिलें, चूक नेमक्या शब्दांत कबूल करावी. ‘चुका व्हावयाच्याच’ हें कबूल करणें नव्हे. तें पळणें होय. कोणतें माप, कोणती झडप, कोणाचा निर्णय, हें नांव घेऊन सांगावें, आणि ज्यांच्यापुढें दुसऱ्यास बोल लागला त्यांच्यापुढेंच सांगावें. दुसरें, बंद पडलेली फेरी दुसऱ्याच दिवशीं सुरू करावी. नेमल्या वेळीं माणसांत जाऊन उभें राहावें. आरंभीं फार बोलूं नये. आपल्याहून ज्यास अधिक कळतें त्यास विचारावें, आणि लहान निर्णय वेळेवर द्यावे. तिसरें, धीर आल्यावर काम करूं, असें म्हणत बसूं नये. धीर कामाच्या मागून येतो, सावलीसारखा. त्याच्या मागें लागल्यास तो पुढें पळतो.

आणि जे वरिष्ठ आहेत त्यांस एक विनंति. हाताखालचा माणूस पडला तर चारचौघांत त्याच्या पुढें उभे राहा, एकांतांत त्याची कानउघाडणी करा, आणि जें काम त्याच्या हातून बिघडलें तेंच त्याच्या हातीं पुन्हां द्या. सर्वांनाच धवन यांच्यासारखे वरिष्ठ लाभत नाहींत, हें आम्ही जाणतों. ज्यास ते लाभले नाहींत त्यानेंही खरें बोलावें. फक्त त्याची किंमत पदरचीच द्यावी लागेल, हें ओळखून बोलावें.

आमची पगारवाढ पुढील वर्षीं मिळाली. आवाजही परतला. परंतु त्या फोरमननें दुसऱ्याच्या चुकीचा बोल वाहत जे तीन महिने काढले, ते आम्हांस परत करितां आले नाहींत. म्हणून येथें बसलेल्यांपैकीं कोणाच्या मनांत असें एखादें माप अडकून पडलें असेल, तर त्यास एवढेंच सांगणें आहे कीं, उद्यां सकाळीं पाळी बदलण्यापूर्वीं तें बोलून टाका.