मिरांदा आणि कोर्लई
(महोत्सवानिमित्त पनवेल येथे धर्मग्रामातील मंडळींपुढे झालेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी फातिमेची यात्रा करावी, असा मनोदय आपल्यापैकी पुष्कळांनी मजजवळ बोलून दाखविला आहे. यात्रेस माझी संमती आहेच. तथापि बहुतेक मंडळी लिस्बनास उतरतात, फातिमेस मेणबत्त्या लावतात आणि जपमाळा विकत घेऊन परत फिरतात. पोर्तुगालचा शेतकरी, त्याची चूल व त्याचा डोंगर यांचे दर्शन त्यांस घडत नाही. सबब आज मी तेथील एका दूरच्या मुलखाविषयी, आणि मग आपल्या अगदी जवळच्या एका गावाविषयी चार शब्द बोलणार आहे.

पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यात, स्पेनच्या सरहद्दीस लागून, मिरांदा नावाचा प्रदेश आहे. दोरू नदीने तेथील खडक इतका खोल कापला आहे की, काठावरून खाली पाहता भोवळ यावी. कड्यांवर गिधाडे घिरट्या घालीत असतात. हिवाळा कडक, म्हणून अन्नही भरभक्कम. तेथल्याच जातीच्या गाईगुरांच्या मांसाचा जाड तुकडा निखाऱ्यांवर भाजून वाढतात. (उपवासकाळी जाणाऱ्यांनी याचा विचार अगोदर करावा.) सणाला पुरुषमंडळी पांढरे घागरे नेसून आखूड काठ्यांनी नाच करितात, तो पाहून आपल्या टिपऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि मुख्य देवमंदिरात बाळ येशूची एक लहानशी मूर्ती आहे, तिच्या मस्तकावर साहेबी थाटाची उंच टोपी! भक्तीला असे लाड शोभतात.

परंतु मिरांदाचे खरे धन म्हणजे तेथील भाषा. ती पोर्तुगीज नव्हे. शेजारच्या स्पेनमधील लेओन प्रांताच्या बोलीशी तिचे नाते आहे. पिढ्यान् पिढ्या लोक ती घरी व शेतावर बोलत, आणि पाद्री किंवा अंमलदार समोर आला की पोर्तुगीज बोलू लागत. 1882 साली जोझे लेइते द वास्कोन्सेलूस या विद्वानाने तिजविषयी लिहिले. 1999 साली पोर्तुगालने कायदा करून तिला मान्यता दिली. आज ती शाळेत शिकवितात. बोलणारे फक्त काही हजार.

आता आपल्या रायगड जिल्ह्याकडे या. पनवेलहून पेण, वडखळ, अलिबाग या मार्गाने रेवदंड्यास जावे व कुंडलिकेचा पूल ओलांडून साळाव गाठावे. तेथून कोर्लई हाकेच्या अंतरावर आहे. सारा प्रवास शंभर किलोमीटरांच्या आतला. चौलास पोर्तुगीजांनी 1521 साली निजामशहाच्या परवानगीने ठाणे बांधावयास घेतले. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 साली जिंकला. आणि 1740 साली दोन्ही मराठ्यांच्या स्वाधीन केले. सैनिक व सरदार गेले. गरीब ख्रिस्ती कुटुंबे मात्र डोंगराच्या पायथ्याशी राहिली, आणि त्यांच्या तोंडी ती बोली राहिली. हजाराच्या आसपास माणसे आजही ती बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. आपणही पाव, बटाटा, साबण, चावी, पगार हे शब्द त्याच दुकानातून उचलले आहेत. त्यांनी दुकानच घरी आणले, इतकाच भेद.

ती टिकली कशी? वसईस पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षे होता, तरी तेथील आपला समाज मराठीच्याच बोली बोलत राहिला. कोर्लईचे लोक धर्मामुळे हिंदू शेजाऱ्यांपासून वेगळे पडले, आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समाजांपासूनही. त्या एकाकीपणातच बोली वाचली. हे कारण आपणां ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांस भूषणावह नाही. परंतु भाषाशास्त्रज्ञ हेच सांगतात, व मला ते पटते.

दुसरी गोष्ट सांगताना मला अधिक अवघड वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापलीकडेही तेथे पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू असत. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लोकभाषेत आली. आपण मराठीत प्रार्थना करू लागलो, हा आपणांस केवढा लाभ! कोर्लईस मात्र तीच मराठी शाळेतून आली तशी वेदीवरूनही आली, आणि घरच्या बोलीस मिळणारा पोर्तुगीजचा उरलासुरला आधार सुटला. मराठी हीच तेथील शाळेची व बाजाराची भाषा, तेव्हा दोष कोणाचा म्हणावा? तथापि मिरांदाच्या भाषेस जो कायदा लाभला, तो या बोलीस लाभलेला नाही. दाल्गादो नावाच्या गोमंतकीय धर्मगुरूंनी 1906 सालीच या उत्तर किनाऱ्यावरील पोर्तुगीज बोलींवर ग्रंथलेखन केले होते. त्यांच्या पंगतीस बसणारा धर्मगुरू आमच्यात पुन्हा निघाला नाही, याची खंत वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. फातिमेस जाणाऱ्यांनी दोन दिवस वाढवून मिरांदास जावे. आणि जे जाऊ शकत नाहीत, ते बहुतेक आपण सारेच, त्यांनी पावसाळा सरल्यावर मजबरोबर कोर्लईस यावे. किल्ला सकाळीच चढू. वर सावली थोडी, पाणी बरोबर घ्यावे लागेल. माथ्यावरून एकीकडे समुद्र व दुसरीकडे खाडीपलीकडचा रेवदंडा दिसतो. मग गावात कार्मेलमातेच्या मंदिरात मिस्सा, आणि गावकरी वाढतील ते भात-मासे. ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ असा आग्रह कोणी धरू नये. ते लोक प्रदर्शनातले नव्हेत. एखाद्या वृद्धेने आपण होऊन ‘आमच्या बापा’ त्या बोलीत म्हटली, तर आपण उभे राहून ऐकू. नावे येत्या रविवारी मिस्सेनंतर द्यावीत, म्हणजे बस एक करावी की दोन, हे ठरविता येईल.