पद्मनाभाचे राज्य आणि कुंभकोणमचा दिवाण



शाळेत रोज सकाळी संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. तिचा आरंभ लोकांच्या नावाने होतो, ईश्वराच्या नावाने नव्हे, ही गोष्ट सवयीमुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. पण हा आरंभ आपोआप ठरलेला नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णू कामत यांनी घटना समितीत अशी सूचना मांडली की, उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. सभागृहात आस्तिकांची वाण नव्हती. तरीही देवाला मतास टाकण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले, बाजूने ४१, विरुद्ध ६८.

त्या दिवशी विरोधात बोलणाऱ्यांत त्रावणकोरचे पट्टम ताणू पिळ्ळै होते. ईश्वर मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. घटनेतच त्याचे नाव घातले तर ती श्रद्धेच्या बाबतीत सक्ती ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे उद्गार त्रावणकोरच्या माणसाने काढावेत, याला विशेष अर्थ आहे. कारण त्या संस्थानात तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे अधिकृत राजा देवच होता. देवाच्या नावाने चालणारा कारभार आतून कसा असतो, हे त्या प्रदेशाइतके अन्यत्र क्वचितच कोणी अनुभवले असेल. आणि त्या कारभाराच्या शिखरावर चौदा वर्षे बसलेला एक कर्तबगार पुरुष मराठी होता; जन्माने कुंभकोणमचा.

कावेरीच्या काठचे कुंभकोणम हे देवळांचे गाव. दर बारा वर्षांनी महामहम् पर्वात तेथील तीर्थाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. दप्तर मोडीत लिहिले जाई, राजवाड्यात मराठी नाटके होत. त्या काळी तेथे गेलेल्या घराण्यांचे वंशज आजही घरात तंजावरी वळणाची मराठी बोलतात. शेजारचे तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणतात.

हे भोसले कट्टर शिवभक्त. तरीही नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार प्रतापसिंह राजांनी बांधून दिला. दुसऱ्या सरफोजीराजांचे संगोपन श्वार्ट्‌झ या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली झाले. राजांनी धर्म सोडला नाही आणि गुरूलाही विसरले नाहीत; त्याच्या मृत्यूनंतर फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून स्मारकशिल्प घडवून घेऊन ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. पण त्या घराण्याच्या धर्मबुद्धीचा खरा साक्षीदार म्हणजे यात्रेकरूंच्या वाटांवरची अन्नछत्रे. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला. तेव्हा निदान छत्रे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला कळकळीने लिहिले. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, कोणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते, शिजवलेले चालत नसेल त्याला शिधा मिळतो, आजाऱ्याला औषध मिळते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. राज्य गेलेला राजा सैन्य मागत नाही, पंगत मागतो.

अशा प्रदेशात २० नोव्हेंबर १८२८ रोजी माधवरावांचा जन्म झाला. पुढे ते राजा सर टी. माधवराव म्हणून देशभर ओळखले गेले. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. माधवराव मद्रासला पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली गणित आणि विज्ञान शिकले, १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजकुमारांचे शिक्षक झाले आणि १८५८ मध्ये, वयाची तिशी उलटण्यापूर्वीच, दिवाण झाले.

ज्या राज्याचे ते दिवाण झाले त्याची स्थापनाच धार्मिक विधीने झालेली होती. मार्तंड वर्मा राजाने आसपासची लहान राज्ये जिंकली, सरदारांचे बंड निर्दयपणे मोडले आणि जानेवारी १७५० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्रीपद्मनाभापुढे तलवार ठेवून सारे राज्य त्याला अर्पण केले. या अर्पणाला 'तृप्पडिदानम्' म्हणतात. यापुढे धनी देव, आणि राजा 'पद्मनाभदास'. यात भक्ती होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. चातुर्यही होते. राजाविरुद्ध उठणे हे त्या क्षणापासून देवाविरुद्ध उठणे झाले. नुकत्याच तलवारीने मिळवलेल्या राज्याला याहून भक्कम तटबंदी कोणती असू शकते?

पण अर्पणाने दासालाही बांधले, हे मान्य केले पाहिजे. राज्य आपले नाही, आपण केवळ कारभारी आहोत, ही जाणीव त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. इतर अनेक दरबारांत उधळपट्टीचे जे तमाशे झाले ते तेथे फारसे झाले नाहीत.

मग प्रश्न कोठे निर्माण झाला? दप्तरात. १८११ च्या सुमारास कर्नल मन्रो या इंग्रज रेसिडेंटने, जो काही काळ दिवाणही होता, तीनशेहून अधिक देवस्थानांच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि देवळांचा खर्च महसूल खात्याकडे सोपवला. त्यामुळे महसुली अधिकाऱ्याला देवळाचीही व्यवस्था पाहावी लागे. आणि ज्याला देवळात पाऊल टाकता येत नाही त्याला महसूल खात्यात नेमता येईना. ख्रिस्ती, मुसलमान आणि अस्पृश्य मानलेले हिंदू, म्हणजे प्रजेचा फार मोठा भाग, राज्याच्या सर्वांत मोठ्या खात्याबाहेर राहिला. कोणी वेगळा अन्यायाचा कायदा केला नव्हता. देवाचे खाते आणि सरकारचे खाते एक झाले, एवढेच. सरकारी खर्चाने चालणाऱ्या तेथील ऊट्टुपुरांत, म्हणजे भोजनगृहांत, ब्राह्मणांना फुकट जेवण मिळे; कराचा बोजा मात्र सर्वांवर होता. तंजावरच्या छत्रांशी ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

माधवरावांनी या राज्याचे कर्ज फेडले, मिरी आणि तंबाखूवरील सरकारी मक्ते उठवले, रस्ते, कालवे आणि शाळा वाढवल्या. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिच्यावर वंशपरंपरागत आणि विक्रीचाही हक्क मिळाला. देवाच्या मालकीच्या राज्यात कुळाला जमिनीचा मालक करणारा हा निर्णय कोणत्याही दानाहून मोठा मानावा लागेल.

त्यांची कसोटी मात्र पहिल्या वर्षीच लागली. नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्यास रूढीने बंदी होती. ख्रिस्ती झालेल्या आणि मग इतरही नाडर स्त्रिया ती मोडू लागल्या, तेव्हा १८५८ च्या अखेरीस दंगे उसळले, स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली. या विद्वान दिवाणाने आरंभी काय केले? जुना रिवाज पाळावा, असेच बजावले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणल्यावर जुलै १८५९ मध्ये जाहीरनामा निघाला: नाडर स्त्रियांनी अंग झाकावे, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नव्हे. माधवरावांच्या थोरवीचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की, येथे ते न्यूटनचे शिष्य राहिले नाहीत, रूढीचे कारभारी झाले. देवाचे राज्य म्हटल्यावर जुनी रूढी ही देवाची आज्ञा ठरते, आणि दिवाण कितीही शहाणा असला तरी तिला हात लावताना कचरतो.

ही गोष्ट त्यांना आतून बोचली असावी, असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून वाटते. बडोद्यात बाल सयाजीरावांचे दिवाण असताना, १८८१ मध्ये त्यांनी महाराजांपुढे राज्यनीतीवर व्याख्याने दिली. प्रजेचे सुख साधणे हे राजाचे पहिले कर्तव्य, हे त्यांचे मुख्य सूत्र. त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हिंदू समाजाला राजकीय कारणांपेक्षा स्वतःच ओढवून घेतलेल्या दोषांनी अधिक त्रास होतो, असे माधवरावांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे.

त्रावणकोरला तो त्रास दूर करायला बराच काळ लागला. वैक्कमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला. महसूल खात्यापासून देवस्वम् खाते १९२२ मध्ये वेगळे झाले होते आणि त्या खात्याची दारे इतरांना तेव्हाच उघडली. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी चित्तिर तिरुनाळ महाराजांनी राज्याची देवळे सर्व हिंदूंना खुली केली. हेही पद्मनाभदासानेच केले, हे विसरता कामा नये. १९४९ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन एक होऊन त्याच महाराजांना राजप्रमुखपद देऊ केले गेले, तेव्हा पद्मनाभाचा दास दुसऱ्या कोणाच्या निष्ठेची शपथ कशी घेणार, असा पेच पडला आणि शपथेवाचूनच मार्ग काढावा लागला. ताणू पिळ्ळै घटना समितीत उभे राहिले ते त्याच वर्षी.

देवाची जी संपत्ती सरकारने घेतली होती तिची भरपाई मात्र राज्यघटनेने मान्य केली. अनुच्छेद २९०-क नुसार केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम् निधीला जातात. १९५६ मध्ये कन्याकुमारीकडील भाग तमिळनाडूत आला, म्हणून तेथील देवळांसाठी १३ लाख ५० हजार रुपये तमिळनाडू सरकार देते. कुंभकोणमच्या बाजारात भरलेला करही त्याच तिजोरीत जमा होतो.