कॉफीचीं उपकरणें : कोणतीं घ्यावीं, कशीं निवडावीं

एका निवृत्त शाळामास्तरानें कॉफीवर बोलावें, याचें आपणांस कदाचित् नवल वाटेल. परंतु या बाबतींत मीं जी चूक केली, ती आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं होत असावी. म्हणून आज हीं पांच मिनिटें मागून घेतलीं आहेत.

मी सेवानिवृत्त झालों तेव्हां जुन्या विद्यार्थ्यांनीं वर्गणी काढून कॉफी करण्याचें एक विजेचें यंत्र मला भेट दिलें. यंत्र मोठें देखणें. महिन्याची दळलेली पूड एकदम आणून मी वर्षभर त्यांत कॉफी करीत होतों. ती कधीं कडू, कधीं पाणचट. एके दिवशीं सौभाग्यवती म्हणाली, "औषध म्हणूनच घ्यावयाची, तर सुंठीचा काढाच करीत जाऊं." मुलांनीं प्रेमानें दिलेल्या वस्तूस नांवें ठेवण्याचें मला धैर्य होईना. पुढें कळलें कीं, दोष यंत्राचा नव्हताच. दोष पुडीचा होता.

भाजलेल्या अखंड दाण्यांत सुगंध कोंडलेला राहतो. दाणा दळला कीं त्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनीं वाढतो, सर्वत्र हवा लागते आणि सुगंधी द्रव्यें उडून जाऊं लागतात. दाणे कांहीं आठवडे टिकतात. पूड थोड्या दिवसांतच निस्तेज होते. म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं, ज्यास एकाच वस्तूवर पैसे खर्चावयाचे आहेत, त्यानें हातानें फिरविण्याची लहान चक्की घ्यावी. ही चक्की पात्याची नसावी. मिक्सरचें पातें दाणा दळीत नाहीं, त्याचे तुकडे उडवितें. कांहीं पीठ होतें, कांहीं कण्या राहतात. पिठांतून कडवटपणा अधिक उतरतो आणि कण्यांतून अर्क पुरता उतरत नाहीं. आपल्या आज्या ज्या जात्यावर दळीत, त्याच्या दोन दगडांप्रमाणें जिच्या दोन दांतेरी चकत्यांमधून दाणा जातो, तीच चक्की समान दळते. चकत्यांतील अंतर कमीअधिक करतां येतें कीं नाहीं, हें मात्र घेतांना पाहावें.

दुसरी वस्तु वजनकांटा. एक लिटर पाण्यास सुमारें ६० ग्रॅम पूड, म्हणजे २०० मिलिलिटरला १२ ग्रॅम, हें सर्वसाधारण प्रमाण. चमचा येथें फसवितो. कारण दाणा जितका गडद भाजावा तितका तो हलका होतो.

भांड्याचा विचार यानंतर. दूध घालून पिणाऱ्यांस दक्षिणी फिल्टरसारखें सोपें साधन नाहीं. माटुंग्याच्या उपाहारगृहांतील कॉफी ज्यांनीं घेतली आहे, त्यांना त्याची चव ठाऊक आहे. एकावर एक असे दोन डबे. वरच्याचें बूड सच्छिद्र. त्यांत २० ग्रॅम पूड घालून दांड्याच्या चकतीनें हलकेंच दाबावी, उकळून क्षणभर निवूं दिलेलें १२० मिलिलिटर पाणी ओतावें व झांकण ठेवावें. पंधरा-वीस मिनिटांत दाट अर्क उतरतो. त्यांत गरम दूध मिसळलें कीं दोघांची कॉफी झाली. पितळी फिल्टर घेतल्यास आंतून कल्हई आहे ना, हें पाहावें. नाहींतर स्टेनलेस स्टीलचा बरा.

दुधाविना पिणाऱ्यांनीं कागदाची गाळणी घ्यावी. १९०८ सालीं ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनें मुलाच्या वहींतील टिपकागद वापरून ही युक्ति काढली. शाळेच्या वहीचा इतका गोड उपयोग माझ्या कोणाही विद्यार्थ्यानें केला नाहीं! इटलींत १९३३ सालीं निघालेली मोका-किटलीही चांगली. मात्र साध्या आल्युमिनियमची किटली इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाहीं, तेथें पोलादी हवी.

प्रवासांत कांच नको. अमेरिकेंतील अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनीं २००५ सालीं बाजारांत आणलेली एरोप्रेस नांवाची पिचकारीवजा नळी प्लास्टिकची असून दोन मिनिटांत एक पेला देते. रेल्वेच्या डब्यांत विजेची किटली लावण्यास मनाई आहे. म्हणून उकळतें पाणी घरूनच थर्मासांत घ्यावें. उंच डोंगरावर मात्र पाणी लवकर उकळतें. सुमारें ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथें तें ८८ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. तेथें पूड किंचित् बारीक दळावी आणि अधिक वेळ भिजूं द्यावी.

आतां त्या यंत्राविषयीं. ताजी पूड घालूं लागल्यापासून तें उत्तम कॉफी देतें. गेल्या दिवाळींत देणाऱ्यांपैकीं चौघे घरीं आले. एकानें भीत भीत विचारलें, "सर, यंत्र चांगलें निघालें ना?" मीं म्हटलें, "यंत्र हुशार निघालें; मास्तरच वर्षभर नापास होत होता."

तेव्हां, श्रोतेहो, घरांतलें जुनें भांडें टाकून नवें आणण्यापूर्वीं एकदां ताजे दाणे दळून पाहा.