विश्वासाची कसोटी



कामाच्या जागी माणसाला समाधान कशाने लाभते, या प्रश्नाचे एक उत्तर अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत मिळाले. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे सल्लागार म्हणून आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. साचाखात्यात २२४ माग होते आणि काम बारा प्रकारांत विभागलेले होते : कोणी विणकर, कोणी बॉबिन वाहणारा, कोणी तेल घालणारा. प्रत्येकाला आपल्यापुरते काम ठाऊक होते. परंतु ‘हे माग आमचे’ असे म्हणणारा कोणीच नव्हता.

लहान गटांकडे ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी सोपवावी, असे राइस यांनी सुचविले. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि सात-सात जणांचे गट स्वतःच जुळविले. कामाची वाटणी गटातच ठरू लागली. आरंभीचे चढउतार ओसरल्यावर त्याच मागांवर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

एरिक मिलर यांनी १९७० साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा ही पद्धत एका ठिकाणी टिकून होती. इतरत्र ती जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे विश्वास हे एकदा देऊन मोकळे होण्याचे बक्षीस नव्हे. अडचणीच्या दिवशीही निर्णय कामगारांच्याच हाती राहू देण्याचा संयम व्यवस्थापकापाशी असावा लागतो. कामातील आनंद त्या संयमावरच अवलंबून असतो.