चार माणसांची बैठक

एकट्या माणसाच्या गाऱ्हाण्याला राजसत्ता सहसा भीत नाही. एकट्याचा अर्ज दप्तरात पडून राहतो, एकट्याला समज देता येते, आणि फारच झाले तर त्याला कामावरून दूर करता येते. पण तेच गाऱ्हाणे घेऊन चार माणसे एकत्र बसली, की सत्तेची झोप उडते. म्हणूनच जुलमी राजवटीची पहिली बंदी बहुधा सभेवर येते. गोमंतकातील जुन्या पिढीला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया बंदी मोडून बोलावयास उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. सभा भरवावी आणि मोकळेपणाने बोलावे, एवढाच नागरिकाचा साधा हक्क तेथे मागितला जात होता.

मानवी हक्कांचा जाहीरनामा तेव्हा अजून व्हावयाचा होता. संयुक्त राष्ट्रांनी तो १० डिसेंबर १९४८ रोजी मान्य केला. शांततेने सभा भरविण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, तसेच एखाद्या संघटनेत सामील होण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे त्याचे विसावे कलम सांगते. त्याच वर्षी, काही महिने आधी, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आपला ८७ क्रमांकाचा करार केला होता. कामगारांनी संघ काढण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे कारण नाही आणि नुसत्या सरकारी हुकुमाने तो मोडता येणार नाही, हा त्याचा गाभा. पुढे नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा करार झाला व तो १९७६ मध्ये अमलात आला. या हक्कांवर मर्यादा घालता येतात, हेही त्यात मान्य केलेले आहे. मात्र ती मर्यादा कायद्यास धरून हवी आणि लोकशाही समाजात खरोखर आवश्यक ठरावी, अशी अट आहे.

कोणी म्हणेल, ही सारी कागदावरची अक्षरे. जिनिव्हात बसलेल्यांपाशी ना पोलीस, ना फौज. मग त्यांचे ऐकतो कोण? या शंकेचे उत्तर पोलंडच्या इतिहासात शोधावे लागते.

पोलंडच्या साम्यवादी सरकारने १९५७ मध्ये ८७ क्रमांकाच्या कराराला मान्यता दिली होती. व्यवहारात मात्र तेथील कामगार संघ सत्ताधारी पक्षाच्याच छायेखाली चालत. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क शहरातील लेनिन जहाज कारखान्यातून आना वालेंतिनोविच या क्रेन चालविणाऱ्या बाईंना काढून टाकण्यात आले. निवृत्तीला त्यांचे पाचच महिने उरले होते, आणि स्वतंत्र कामगार संघासाठी खटपट हा त्यांचा खरा अपराध होता. १४ ऑगस्टला कारखान्यात संप सुरू झाला. पूर्वी तेथूनच काढलेला लेक वालेसा हा वीजतंत्री त्याचा पुढारी झाला.

दोन दिवसांतच व्यवस्थापनाने पगारवाढ कबूल केली आणि संप मिटल्यात जमा झाला. कामगार घराकडे निघाले. पण त्यांच्या पाठिंब्याने संपात उतरलेले ट्रामवाले आणि लहान कारखान्यांतील कामगार आता एकाकी पडणार होते. तेव्हा वालेंतिनोविचबाई, एक परिचारिका आणि एक ट्राम चालविणारी स्त्री, अशा काही स्त्रिया पुढे सरसावल्या आणि बाहेर पडणाऱ्या कामगारांना त्यांनी विनवून थांबविले. बरेच निघून गेले, पण काही राहिले. त्या राहिलेल्यांतूनच अनेक कारखान्यांची संयुक्त समिती उभी राहिली. समितीच्या एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून कारखान्याच्या दाराशी टांगण्यात आल्या. पहिली मागणी पगाराची नव्हतीच. पोलंडने मान्य केलेल्या ८७ क्रमांकाच्या करारानुसार स्वतंत्र कामगार संघ हवेत, अशी ती होती. जिनिव्हाचा कागद अशा रीतीने गोदीच्या दारावर आला!

३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली. ‘सॉलिडॅरिटी’, म्हणजे ‘एकजूट’, या नावाचा संघ जन्मास आला आणि वर्षभरात त्याचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. परंतु १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. हजारो माणसे स्थानबद्ध झाली आणि पुढील ऑक्टोबरात कायदा करून संघ विसर्जित करण्यात आला. मजूर संघटनेपुढे तक्रार गेली, चौकशी मंडळ नेमले गेले. पोलंड सरकारने त्याच्याशी असहकार केला. १९८४ मध्ये मंडळाने करारभंग झाल्याचा निर्णय दिला, तेव्हा सरकारने संघटना सोडण्याची नोटीस दिली. ती पुढे मागे घ्यावी लागली. एप्रिल १९८९ मध्ये ‘सॉलिडॅरिटी’ची पुन्हा नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी तिच्या पाठबळाचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले.

जिनिव्हाने पोलंड मुक्त केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तुरुंग सोसला तो पोलिश माणसांनीच. पण आपली मागणी हा राजद्रोह नसून सरकारने स्वतः दिलेल्या शब्दाची आठवण आहे, असे त्यांना त्या कराराच्या बळावर म्हणता आले. संघ मोडला गेला तरी त्याचा खटला जगापुढे उघडा राहिला. लेखी वचनाचे सामर्थ्य इतकेच असते, पण ते थोडे नव्हे.

भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात हे दोन्ही हक्क आहेत. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या मजूर परिषदेस नारायण मल्हार जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, एवढा भारताचा या संस्थेशी जुना संबंध आहे. तरीही ८७ क्रमांकाच्या कराराला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. सरकारी नोकरांवरील निर्बंधांची अडचण त्यासाठी पुढे केली जाते. मात्र संघटनास्वातंत्र्याची जी समिती मजूर संघटनेने १९५१ मध्ये नेमली, ती मान्यता न दिलेल्या देशांविषयीच्या तक्रारीही ऐकते.

स्वतःच्या सभेवर बंदी आली म्हणजे हा हक्क सर्वांनाच आठवतो. दुसऱ्याची, किंबहुना आपल्याला न पटणारी, सभा बंद पडते तेव्हा तो किती जणांना आठवतो? ग्दान्स्कच्या दारात थांबलेल्यांना स्वतःची पगारवाढ मिळून चुकली होती. ज्यांना ती मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी ते थांबले.